सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत बिशपांमध्ये मोठा कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या पाच-सहा शतकांत बिशपांचा अधिकार कुठून आला, कुठपर्यंत चालला आणि कुठे अडला, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण उत्तर मनात धरूनच विचारतात. वसईकडच्या कॅथलिक वाचकाला पहिल्या दिवसापासून पोप हवा असतो, तर नगर-पुण्याकडच्या प्रोटेस्टंट वाचकाला बिशप आणि पोप ही सगळी मागाहून चढवलेली पुटे वाटतात. त्या काळचे कागद दोघांचीही थोडीथोडी निराशा करतात.

बिशप हे पद खुद्द येशूने नेमले का?

शुभवर्तमानांत प्रेषित आहेत, बिशप नाहीत. नव्या करारातल्या पत्रांत 'अध्यक्ष' (याच्याच मूळ ग्रीक शब्दातून पुढे 'बिशप' आला) आणि 'वडील' (मंडळीतले ज्येष्ठ पुढारी) भेटतात, पण ती बहुधा एकाच माणसांची दोन नावे आहेत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये पौल इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो आणि बोलता बोलता त्यांनाच कळपावर नेमलेले अध्यक्ष म्हणतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात एका गावातल्या अध्यक्षांचा उल्लेख अनेकवचनी आहे. तेव्हा एका शहरात एकच बिशप, ही घडी पहिल्या शतकात सगळीकडे बसलेली नव्हती.

मग एका शहराला एकच बिशप ही पद्धत कधी आली?

सिरिया आणि आशिया मायनर या भागांत लवकर, रोममध्ये उशिरा. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला साधारण इ.स. ११० च्या सुमारास बेड्या घालून रोमला नेले जात होते. वाटेत त्याने सात पत्रे लिहिली. बिशपला सोडून काही करू नका, बाप्तिस्मा नको, प्रभुभोजन नको, असे तो पुन्हा पुन्हा बजावतो. एखादी गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते, तेव्हा ती सगळ्यांनी मान्य केलेली नसते, हे लक्षात ठेवून ही पत्रे वाचावीत. इफिस, स्मुर्णा, मग्नेशिया, त्राल्लेस, फिलदेल्फिया या ठिकाणी एकच बिशप आहे, हे तो गृहीत धरतो. रोमच्या मंडळीला लिहिताना मात्र तो कोणत्याही बिशपचे नाव घेत नाही.

त्याआधी, साधारण इ.स. ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक लांबलचक पत्र पाठवले होते. करिंथमध्ये काही तरुणांनी जुन्या वडिलांना पदावरून खाली खेचले होते, त्यावरून ही कानउघाडणी होती. परंपरेने हे पत्र क्लेमेंटचे मानले जाते, पण त्यात त्याचे नाव कुठेच नाही. पत्र मंडळीच्या नावाने आहे आणि त्यात अध्यक्ष व वडील हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत रोममध्ये वडिलांचे मंडळच कारभार पाहत असावे, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते आणि मलाही तेच पटते. रोमसारख्या अफाट शहरात घराघरांतून भरणाऱ्या मंडळ्यांवर एकाची मांड बसायला वेळ लागला, यात नवल नाही.

बिशपच्या हाती नेमके काय असे?

बाप्तिस्मा, प्रभुभोजन, शिकवण, पश्चात्तापी माणसाला परत आत घेणे आणि मंडळीची थैली. यातल्या शेवटच्या गोष्टीकडे धर्मशास्त्रवाले सहसा दुर्लक्ष करतात. दान बिशपकडे जमा होई आणि विधवा, अनाथ, कैदी, परगावचे पाहुणे यांना ते तोच वाटे. इ.स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या मंडळीचा हिशेब एका पत्रात देतो: ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ मदतनीस, भुते काढणारे, वाचक आणि दारवान मिळून ५२, आणि मंडळीच्या पैशावर जगणाऱ्या विधवा व गरजू माणसे दीड हजारांवर. ज्याच्या सहीने दीड हजार पोटे भरतात त्याच्या शब्दाला वजन यायला वेगळ्या धर्मसिद्धान्ताची गरज नसते.

पुढे पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याने बिशपांना दिवाणी तंटे ऐकण्याचा अधिकार दिला आणि वजन आणखी वाढले. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने तर तक्रारच केली आहे की लोकांचे जमीनजुमल्याचे वाद ऐकण्यात आपला दिवस जातो. थैलीवर देखरेख हवी, हे मंडळीलाही कळत होते. इ.स. ४५१ मध्ये कॅल्सेडनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक बिशपने स्वतंत्र कारभारी नेमून त्याच्यामार्फतच मालमत्तेचा व्यवहार करावा, असा नियम केला. असा नियम कोणी उगाच करत नाही.

बिशपची निवड कोण करायचे?

स्थानिक लोक, स्थानिक धर्मसेवक आणि शेजारचे बिशप, असे तिघे मिळून. कोणाचा आवाज किती, हे गावागणिक बदले. इ.स. २३६ मध्ये रोममध्ये निवडीसाठी लोक जमले असता फेबियन नावाच्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाच्या डोक्यावर कबुतर येऊन बसले आणि लोकांनी एकमुखाने त्याचे नाव पुकारले, असे इतिहासकार युसेबियस सांगतो. इ.स. ३७४ मध्ये मिलानमध्ये निवडीवरून दंगल होईल, म्हणून प्रांताधिकारी अँब्रोज शांतता राखायला गेला आणि जमावाने त्यालाच बिशप केले. त्याचा तोवर बाप्तिस्माही झालेला नव्हता. आठवडाभरात बाप्तिस्म्यापासून बिशपपदापर्यंतचे सगळे विधी उरकले गेले.

लोकांनी निवडले तरी शेजारच्या बिशपांनी येऊन डोक्यावर हात ठेवल्याशिवाय तो बिशप होत नसे. खरी किल्ली इथे होती. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने नियम घातला: प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी मिळून नवा बिशप नेमावा, ते अवघड असेल तर निदान तिघांनी जमावे, बाकीच्यांनी लेखी संमती द्यावी, आणि प्रांताच्या मुख्य शहरातल्या बिशपने शिक्कामोर्तब करावे. आज वसईत किंवा नाशिकमध्ये बिशपची दीक्षा होते तेव्हा मुख्य बिशपच्या बाजूला निदान दोन बिशप उभे असतात, ते या जुन्या रिवाजामुळे.

दोन बिशपांत वाद झाला तर न्याय कोण करायचे?

पहिली अडीचशे वर्षे तरी असे एकच ठरलेले न्यायासन नव्हते. प्रत्येक बिशप आपल्या शहरात पूर्ण बिशप. त्याच्या वर तत्त्वतः कोणी नाही. पण त्याला एकट्याने राहणेही परवडत नसे. नवा बिशप झाला की तो आजूबाजूच्या आणि दूरच्या मोठ्या मंडळ्यांना पत्रे पाठवी; त्यांनी उलट पत्र पाठवले की तो स्वीकारला गेला. आपल्या मंडळीतला माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या हाती शिफारसपत्र देई, ते दाखवले की परगावी प्रभुभोजनाला प्रवेश मिळे. पत्रे थांबली की संबंध तुटला. थोडक्यात, बाकीच्यांनी ओळख दाखवली तर तुमचा अधिकार, नाहीतर तुम्ही वाळीत.

मतभेद मोठा असेल तर परिसरातले बिशप एकत्र बसत. या बैठका दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागतात, आणि नायसियाने त्या वर्षातून दोनदा घ्याव्यात असे ठरवले. एका बिशपने बाहेर काढलेल्याला दुसऱ्याने परस्पर आत घेऊ नये आणि काढणाऱ्याने रागालोभातून काढले का, हे या बैठकीने तपासावे, असा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगला होता. अंमल जिथे बिशपांचे एकमेकांशी बरे होते तिथेच झाला.

ईस्टरच्या तारखेवरून इतके रामायण का झाले?

कारण कोण कोणाला वाळीत टाकू शकतो, याची ती पहिली मोठी परीक्षा होती. आशिया मायनरच्या मंडळ्या यहुदी निसान महिन्याच्या १४ तारखेला, वार कोणताही असो, सण पाळत. रोम आणि इतर बऱ्याच मंडळ्या रविवारच पाळत. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला आला, तिथला बिशप अनिसेटस याच्याशी बोलला, दोघांनीही आपला हेका सोडला नाही, आणि तरीही अनिसेटसने त्याला आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा मान दिला. प्रकरण गोडीगुलाबीत मिटले.

पुढच्या पिढीत, दुसऱ्या शतकाच्या शेवटच्या दशकात, रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडण्याचे पाऊल उचलले. इफिसचा पॉलिक्रेटिस याने ठणकावून उत्तर दिले: माझ्या घराण्यात सात बिशप होऊन गेले, मी आठवा, प्रभूच्या सेवेत मला पासष्ट वर्षे झाली, धमक्यांना मी भीत नाही. आणि मग गॉलमधल्या लिऑनचा आयरेनियस मध्ये पडला. त्याची स्वतःची मंडळी रोमप्रमाणे रविवारच पाळत होती, तरी त्याने व्हिक्टरला सुनावले की तुझ्या आधीच्यांनी या फरकासह शांतता राखली होती.

या प्रकरणातून दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचे उचलतात. रोमच्या बिशपला दूरच्या प्रांतांना बाहेर काढण्याचा विचार तरी सुचला, हे एक. त्याचे म्हणणे इतर बिशपांनी मुकाट्याने ऐकून घेतले नाही, हे दुसरे. दोन्ही खरे आहे.

सिप्रियनचे नाव या विषयात सारखे का येते?

कारण त्याच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत या विषयाचे जवळजवळ सगळे पेच येऊन गेले आणि त्याची पत्रे शिल्लक राहिली. सिप्रियन इ.स. २४८-४९ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप झाला. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने फर्मान काढले की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ही मंडळी परत दाराशी आली.

आता त्यांना माफ कोण करणार? तुरुंगात हालअपेष्टा सोसलेले लोक मोठेपणाने माफीपत्रे वाटू लागले. त्यांचा मान इतका होता की वडीलही ती पत्रे मानू लागले. सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल टोमणे खात होता. तरी तो अडून बसला: सोसणाऱ्यांचा आदर आहे, पण परत घेण्याचा अधिकार बिशपचा आणि तोही बिशपांनी एकत्र बसून वापरायचा. इ.स. २५१ च्या कार्थेजच्या बैठकीत हेच ठरले. पदाचा अधिकार विरुद्ध तपाचा अधिकार असा हा सामना होता. पद जिंकले. मला यात सिप्रियनचा मुद्दा रास्त वाटतो. पण लपलेल्या माणसाने बेड्या सोसलेल्यांना नियम शिकवावा, यातली कडवट चव कार्थेजच्या लोकांना लागली नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

त्यानंतर रोमशी वाजले. फुटीर गटात बाप्तिस्मा घेतलेला माणूस आपल्याकडे आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? आफ्रिकेचे उत्तर होय. रोमचा बिशप स्टीफन म्हणे, नाही, डोक्यावर हात ठेवणे पुरे, हीच परंपरा आहे. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेजला ८७ बिशप जमले आणि एकेकाचे मत नोंदवले गेले. ती नोंद आजही वाचता येते. सुरुवातीलाच सिप्रियन म्हणाला की आपल्यापैकी कोणीही स्वतःला बिशपांचा बिशप समजत नाही आणि सहकाऱ्यांना धाक दाखवून आज्ञा पाळायला लावत नाही. रोख कुठे होता ते सगळ्यांना कळत होते. कप्पदुकियातल्या सीझरियाचा बिशप फर्मिलियन तर त्याहून तिखट: दुसऱ्यांना तोडता तोडता स्टीफनने स्वतःलाच तोडून घेतले, असे त्याने लिहिले. वाद मिटण्याआधीच इ.स. २५७ मध्ये स्टीफन वारला आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियनचा शिरच्छेद झाला. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर पश्चिमेत पुढे रोमचेच म्हणणे टिकले, इ.स. ३१४ च्या आर्ल परिषदेने आफ्रिकेला आपला रिवाज सोडायला सांगितले.

म्हणजे सिप्रियन रोमचा अधिकार मानतच नव्हता?

इतके सरळ नाही. दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. गॉलमधल्या आर्लचा बिशप मार्शियन फुटीरांना सामील झाला, तेव्हा सिप्रियननेच स्टीफनला लिहिले की तिथल्या बिशपांना पत्र पाठव, मार्शियनला दूर करून दुसरा नेमू दे. त्याच सुमारास स्पेनमधला बासिलिदेस हा पदावरून काढलेला बिशप रोमला जाऊन स्टीफनकडून आपली बाजू बरोबर ठरवून आला, तेव्हा मात्र सिप्रियन आणि त्याचे सहकारी म्हणाले की स्टीफन लांब आहे, त्याला खरी हकीकत ठाऊक नाही, काढलेला तो काढलेलाच.

'मंडळीच्या ऐक्याविषयी' या त्याच्या पुस्तिकेतल्या चौथ्या प्रकरणाचे तर दोन पाठ मिळतात. एकात पेत्राच्या अग्रस्थानाचा स्पष्ट उल्लेख आहे, दुसऱ्यात तो भाग बदललेला आहे. दोन्ही सिप्रियनचेच असून स्टीफनशी बिनसल्यावर त्याने मजकूर सुधारला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. बिशपपद एकच आहे आणि प्रत्येक बिशप त्याचा अखंड वाटेकरी आहे, हा त्याचा सिद्धान्त. रोमचा आवाज मोठा, पण मालकी सामाईक. आपल्या बाजूचा निकाल असेल तेव्हा त्या मोठ्या आवाजाची मदत घ्यायची आणि नसेल तेव्हा सामाईक मालकीवर बोट ठेवायचे. हे त्याने एकट्याने केले नाही, पुढची दोनशे वर्षे सगळ्यांनी केले.

पेत्र हा पहिला पोप होता ना?

पेत्र आणि पौल रोमला आले, तिथेच रक्तसाक्षी झाले, ही आठवण फार जुनी आहे आणि ती नाकारायला सबळ कारण नाही. साधारण इ.स. १८० मध्ये आयरेनियस रोमच्या बिशपांची यादी देतो. त्या यादीत पेत्र आणि पौल पाया घालतात आणि बिशपपद लायनसच्या हाती सोपवतात. तिथून मोजत तो एल्युथेरसपर्यंत बारा नावे घेतो. म्हणजे त्याच्या मोजणीत पेत्र हा यादीतला पहिला नाही, यादीच्या मागे उभा असलेला प्रेषित आहे. पोप हे संबोधनही तेव्हा एकट्या रोमचे नव्हते. कार्थेजच्या आणि आलेक्सांद्रियाच्या बिशपलाही लोक तसेच हाक मारत. मत्तय १६ मधला 'या खडकावर' हा आधार रोमच्या बिशपांनी ठळकपणे स्वतःसाठी वापरायला तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सुरुवात केली. त्याचे पूर्ण शास्त्र पाचव्या शतकात रोमचा बिशप लिओ याने मांडले.

सम्राट या भानगडीत कधी पडला?

कॉन्स्टंटाइनच्या आधीच. आणि तोही ख्रिस्ती नसलेला सम्राट. अंत्युखियाचा बिशप पॉल ऑफ समोसाटा याला इ.स. २६८ च्या बैठकीने चुकीच्या शिकवणीबद्दल काढले. त्याच्यावरच्या आरोपपत्रात शिकवणीइतकीच त्याच्या थाटाची चीड आहे: उंच सिंहासन, भोवती लवाजमा, बिशपपेक्षा सरकारी अंमलदार म्हणवून घेण्याची हौस. पण तो मंडळीची वास्तू सोडेना, आणि बिशपांच्या हाती ना पोलीस ना बेलीफ. शेवटी प्रकरण सम्राट ऑरेलियनपुढे गेले. इ.स. २७२ मध्ये अंत्युखिया पुन्हा रोमच्या ताब्यात आले होते. ऑरेलियनने निकाल दिला: इटलीतले आणि रोमचे बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात, इमारत त्यांची. श्रद्धेच्या वादात न शिरता, कोण कोणाला ओळखते एवढेच त्याने पाहिले. माझ्या मते या काळातला हा सर्वांत नेमका निकाल आहे.

कॉन्स्टंटाइनच्या काळापासून परिषद बोलावणे, बिशपांच्या प्रवासाला सरकारी गाड्या देणे, हरलेल्याला हद्दपार करणे, हे सगळे दरबारातून होऊ लागले. आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा शहराबाहेर घालवला गेला.

नायसियाने बिशपांची उतरंड ठरवली असे म्हणतात, ते खरे का?

त्या परिषदेने नवी उतरंड रचली नाही, चालत आलेली लिहून काढली. सहावा नियम सांगतो की जुने रिवाज चालू राहावेत: इजिप्त, लिबिया आणि पेंटापोलिसवर आलेक्सांद्रियाच्या बिशपचा अधिकार असावा, कारण रोमच्या बिशपचाही तसाच रिवाज आहे; अंत्युखिया आणि इतर प्रांतांचेही हक्क राखावेत. यामागे स्थानिक कारण होते. इजिप्तमध्ये लायकोपोलिसचा मेलेशियस परस्पर बिशप नेमत सुटला होता. सातव्या नियमाने यरुशलेमला मान दिला, पण वरिष्ठ अधिकार प्रांताच्या मुख्य शहराकडेच ठेवला.

खरी उतरंड साम्राज्याच्या नकाशावरून आली. ज्या शहरात प्रांताचा सुभेदार बसे तिथला बिशप प्रांतातला मुख्य. म्हणजे तालुका-जिल्ह्याची सरकारी रचना मंडळीनेही उचलली. अर्थात सगळीकडे सारखे नाही. इजिप्तमध्ये शंभराच्या आसपास बिशप थेट आलेक्सांद्रियाच्या मुठीत होते, तर उत्तर आफ्रिकेत लहान लहान गावांनाही स्वतःचा बिशप असे. इ.स. ४११ मध्ये कार्थेजला दोन विरोधी गटांची समोरासमोर सभा झाली, तेव्हा दोन्हीकडचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप हजर होते. कित्येक गावांत दोन-दोन.

बिशपला दुसऱ्या शहरात बदली घेता येत असे का?

नायसियाच्या पंधराव्या नियमाप्रमाणे नाही. महत्त्वाकांक्षी लोकांनी लहान गाव सोडून मोठे गाठू नये, हा उद्देश. प्रत्यक्षात निकोमिडियाचा युसेबियस आधी बैरुतला, मग निकोमिडियाला आणि शेवटी कॉन्स्टँटिनोपलला पोचला. उलट इ.स. ३८१ मध्ये ग्रेगरी नाझियान्झस याला कॉन्स्टँटिनोपलची गादी सोडावी लागली, कारण तो पूर्वी सासिमा नावाच्या धुळीने भरलेल्या एका गावचा बिशप नेमला गेला होता, ही हरकत विरोधकांनी काढली. नियम एकच, लागू कोणाला करायचा ते वजनावर ठरे.

कॉन्स्टँटिनोपल एवढे मोठे कसे झाले? तिथे तर कोणी प्रेषित गेलाच नव्हता.

राजधानी झाली म्हणून. इ.स. ३८१ च्या परिषदेने उघड लिहिले की कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपला रोमच्या खालोखाल मान, कारण ते नवे रोम आहे. आलेक्सांद्रियाला हे झोंबले. तोवर पूर्वेत तिचा पहिला नंबर होता. पुढच्या सत्तर वर्षांतल्या सिद्धान्तांच्या वादांत या दुखावलेल्या अभिमानाचाही वाटा आहे.

इ.स. ४५१ मध्ये कॅल्सेडनच्या अठ्ठाविसाव्या नियमाने पाऊल पुढे टाकले: जुन्या रोमला मान मिळाला तो राजनगरी म्हणून, तेव्हा नव्या रोमलाही तसेच अधिकार, शिवाय पोंटस, आशिया आणि थ्रेस इथल्या मुख्य बिशपांची दीक्षा त्याच्या हातून. रोमचा बिशप लिओ याने हा नियम साफ नाकारला. त्याचे म्हणणे, रोमचा मान पेत्रामुळे आहे, राजवाड्यामुळे नाही, आणि नायसियाने लावलेला क्रम कोणाला हलवता येणार नाही. इथे दोन तर्क समोरासमोर आले: मोठेपणा शहराचा की प्रेषिताचा? पूर्व आणि पश्चिम यांतली पुढची फूट याच रेघेवर पडली.

त्याच परिषदेत लिओचे ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचे पत्र वाचल्यावर बिशपांनी 'पेत्र लिओच्या मुखाने बोलला' असा घोष केला, हे कॅथलिक लेखक आवर्जून सांगतात. ते खरेच आहे. पण काही बिशपांना शंका आल्या, तेव्हा ते पत्र आलेक्सांद्रियाचा आधीचा बिशप सिरिल याच्या लिखाणाशी ताडून पाहिले गेले, हेही त्याच इतिवृत्तात आहे.

रोमकडे अपील करता येत असे का?

इ.स. ३४३ च्या सार्डिका परिषदेने, म्हणजे आजच्या सोफियात, ठरवले की पदच्युत बिशपला रोमच्या बिशपकडे दाद मागता यावी आणि त्याला वाटल्यास त्याने शेजारच्या प्रांतातल्या बिशपांकडून फेरचौकशी करवावी. पूर्वेकडचे बिशप त्याआधीच उठून गेले होते, त्यामुळे हा नियम पश्चिमेचाच राहिला.

त्याची गंमत आफ्रिकेत झाली. सिक्का गावच्या अपियारियस नावाच्या धर्मगुरूला त्याच्या बिशपने काढले. तो रोमला गेला आणि इ.स. ४१८ मध्ये बिशप झोसिमसने त्याला परत घ्यायला सांगितले, वर नायसियाच्या नियमांचा हवाला दिला. आफ्रिकेच्या बिशपांनी आपल्या वह्या चाळल्या. त्यांना तसा नियम सापडेना. त्यांनी शांतपणे कॉन्स्टँटिनोपल आणि आलेक्सांद्रियाहून नायसियाच्या अस्सल प्रती मागवल्या. त्यातही नाही. रोमच्या दप्तरात सार्डिकाचे नियम नायसियाच्या नियमांनाच जोडून लिहिलेले होते, त्यातून हा घोटाळा झाला होता. पुढे अपियारियसने स्वतःच आपले अपराध कबूल केले, आणि आफ्रिकेने रोमला लिहिले की समुद्रापलीकडून न्याय करायला येऊ नका, साक्षीदार इथे आहेत. ऑगस्टिन याच बिशपांपैकी एक होता.

बिशपांची लग्ने झालेली असत का?

पुष्कळांची. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्ष एका स्त्रीचा पती असावा अशी अट आहे. ग्रेगरी नाझियान्झसचे वडीलही बिशपच होते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सायरीनच्या सिनेसियसने बिशपपद घेण्याआधीच कळवून टाकले की मी बायकोला सोडणार नाही. पश्चिमेत चौथ्या शतकाच्या अखेरीपासून ब्रह्मचर्याचा आग्रह वाढला.

स्त्रिया बिशप होत्या का?

मुख्य प्रवाहाच्या मंडळीत तसे नोंदलेले दिसत नाही. सेविका मात्र होत्या, आणि कॅल्सेडनने त्यांच्यासाठी किमान वय ४० ठरवले.

सगळे बिशप बरोबरीचे, असे कोणी स्पष्ट लिहिले आहे का?

हो, आणि ते रोममध्ये राहून आलेल्या, बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने. त्याच्या एका पत्रात तो म्हणतो की बिशप रोमचा असो वा गुबियोचा, कॉन्स्टँटिनोपलचा असो वा रेजियमचा, मान एकच. श्रीमंतीने तो वर जात नाही आणि गरिबीने खाली येत नाही. अर्थात त्याच जेरोमने दुसऱ्या एका पेचात रोमचा बिशप दमासस याला लिहिले होते की मी पेत्राच्या गादीशी जोडलेला आहे, मला सांग कोणाच्या बाजूने राहू. पत्र कोणाला आहे आणि कशासाठी आहे, हे पाहूनच जेरोम वाचावा.

हे सगळे रोमन साम्राज्याचे झाले. बाहेरच्या ख्रिस्ती लोकांचे काय?

इराणच्या सासानी राज्यातली मंडळी वेगळी वाढली. इ.स. ४१० मध्ये सेल्युशिया-टेसिफोनच्या परिषदेने नायसियाचे नियम स्वीकारले आणि राजधानीच्या बिशपला सर्वांत वरचे स्थान दिले. इ.स. ४२४ मध्ये त्यांनी ठरवून टाकले की आपल्या प्रमुखाविरुद्ध पश्चिमेकडच्या बिशपांकडे दाद मागायची नाही. रोमशी वैर असलेल्या शहेनशहाच्या राज्यात दुसरे काही ठरवणे धोक्याचेही होते.

कल्याणला त्या काळी बिशप होता, हे खरे का?

सहाव्या शतकाच्या मध्यात लिहिणारा कॉस्मस हा आलेक्सांद्रियाचा व्यापारी-प्रवासी सांगतो की मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे आणि 'कल्लियाना' नावाच्या ठिकाणी इराणमधून नेमलेला बिशप आहे. हे आपले उल्हास नदीवरचे कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचा कौल केरळातल्या कोल्लमकडे आहे. कल्याण हे सातवाहन काळापासून नावाजलेले बंदर होते, त्यामुळे पहिली शक्यता मला अधिक जवळची वाटते.

त्या बिशपवर अधिकार कोणाचा? इराणच्या किनाऱ्यावरच्या फार्स प्रांताचा, म्हणजे रेव-अर्दशिरच्या मुख्य बिशपचा, आणि त्याच्या वर सेल्युशियाच्या कॅथोलिकोसचा, म्हणजे इराणी मंडळीच्या प्रमुखाचा. सातव्या शतकाच्या मध्यात या दोघांत बिनसले. फार्सचा सायमन राजधानीची सत्ता मानेना. कॅथोलिकोस इशोयाब तिसरा याने त्याला खरमरीत पत्रे लिहिली, त्यात भारताचा उल्लेख आहे: तुमच्या या हट्टापायी हिंदुस्थानातल्या लोकांना बिशप मिळण्याचे दार बंद झाले आहे.